हळू वाजणारा ॲम्प: गिरगावातल्या दोन खोल्यांसाठी केलेली निवड

आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजी मागच्या वर्षी एका सकाळी जिन्यात भेटल्या आणि म्हणाल्या, "अगं, वाजवतेस छान, पण रात्री ते सुरू केलंस की माझ्या फडताळातल्या वाट्या किणकिणतात गं." त्यांच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता, आणि म्हणूनच मी जास्त ओशाळले. त्याच संध्याकाळी मुलीला वरच्या खोलीत विजेची गिटार आणि ॲम्प (गिटारचा आवाज मोठा करणारा स्पीकरचा डबा) घेऊन बसवले, एकेक तार सावकाश छेडायला सांगितले आणि मी आजींच्या फडताळासमोर जाऊन उभी राहिले. वाट्या प्रत्येक सुराला किणकिणत नव्हत्या. पाचवी तार मोकळी वाजली, म्हणजे ११० हर्ट्झचा सूर निघाला, की स्टीलच्या तीन वाट्यांची चळत स्पष्ट थरथरत होती; बाकीच्या तारांना ती जवळजवळ गप्प होती. आजींना हा प्रयोग इतका आवडला की त्यांनी वाटीत दोन शेंगदाणे टाकून तो पुन्हा करायला लावला.

तेव्हा माझ्याकडे जो ॲम्प होता त्याचे नाव घेत नाही, कारण दोष त्याच्या बनावटीइतकाच माझ्या खरेदीचा होता. तो पंधरा वॅटचा, आठ इंची स्पीकरचा, दिसायला दणकट असा डबा होता आणि मी तो थेट जमिनीवर ठेवत असे. गिरगावातल्या आमच्या चाळीची जमीन फळ्यांची आहे; आमची जमीन हीच आजींची तक्तपोशी. खोक्याची थरथर फळ्यांत उतरत होती आणि फळ्या ती प्रामाणिकपणे खाली पोहोचवत होत्या. स्टुलावर चौपदरी गोधडी घालून ॲम्प तिच्यावर ठेवला तेव्हा वाट्या शांत झाल्या. पण तोवर दुसरी, अधिक मूळची अडचण माझ्या लक्षात आली होती: हा ॲम्प हळू वाजूच शकत नव्हता. व्हॉल्यूमचा नॉब एकवर असताना काही ऐकू येत नसे आणि दीडवर नेताच आतल्या खोलीत झोपलेल्या सासूबाई कुशीवर वळत. एक आणि दीड यांच्यामधल्या नखभर जागेत माझा सगळा रियाज कोंबला गेला होता.

असे का होते, हे समजून घेतल्याशिवाय दुसरा ॲम्प घ्यायचा नाही असे ठरवले, आणि त्यासाठी थोडे गणित करावे लागले. गिटारच्या ॲम्पमधला साधारण स्पीकर एक वॅट दिल्यावर एक मीटर अंतरावर ९० डेसिबलच्या आसपास आवाज देतो असे धरू. वीज दहापट कमी केली की आवाज १० डेसिबलने उतरतो आणि कानाला तो अंदाजे निम्मा वाटतो. या हिशोबाने दोन माणसांच्या साध्या संभाषणाइतका, म्हणजे ६० डेसिबलचा, आवाज मिळवायला वॅटचा हजारावा भाग पुरतो. पंधरा वॅटच्या ॲम्पमधून वॅटचा हजारावा भाग काढायचा म्हणजे मोठ्या टाकीच्या तोटीतून थेंब मोजून घेण्यासारखे आहे. तोटी उत्तम असेल तर ते जमते, पण स्वस्त ॲम्पमधली तोटी क्वचितच तेवढी उत्तम असते. हेच गणित उलट बाजूने पाहिले तर एक वॅटचा व्हॉल्व्ह ॲम्प (जुन्या रेडिओत असत तशा काचेच्या नळ्यांचा) "घरगुती" म्हणून विकला जातो तेव्हा काय होते तेही कळते. व्हॉल्व्हचा गोडवा पुरेपूर यावा म्हणून तो पूर्ण उघडला, तर एक मीटरवर ९० डेसिबल होतात आणि भिंतीपलीकडचे बिऱ्हाड जागे होते. त्यामुळे चाळीत किंवा पातळ भिंतींच्या नव्या इमारतीत राहणाऱ्यांनी व्हॉल्व्हचा मोह निदान घरापुरता तरी बाजूला ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात निवासी भागात ४५ डेसिबल आणि दिवसा ५५ डेसिबल, ही ध्वनिप्रदूषणाबाबतच्या २००० सालच्या नियमांनी घातलेली मर्यादा आहे. गणेशोत्सवाच्या दहा दिवसांत आमच्या गल्लीत हे आकडे कोणी उच्चारत नाही, हा भाग वेगळा. पण एरवी नोकरीवरून येऊन, स्वयंपाक आटोपून गिटार हातात घ्यायला मला साडेनऊ वाजतात, म्हणजे माझ्या रियाजाचा बराचसा भाग या ४५ डेसिबलच्या हद्दीतच होतो.

हळू आवाजाची आणखी एक गोम कानात आहे. फ्लेचर आणि मन्सन या बेल लॅबोरेटरीजमधल्या संशोधकांनी १९३३ साली दाखवून दिले की आवाज लहान होत गेला की माणसाच्या कानाला खर्जाचे सूर इतर सुरांपेक्षा झपाट्याने कमी ऐकू येऊ लागतात. दुकानात मोठ्या आवाजात भरदार वाटलेला ॲम्प घरी हळू लावल्यावर पत्र्यासारखा का वाटतो, याचे उत्तर बव्हंशी इथे आहे. स्वाभाविकपणे आपण बेसचा नॉब वाढवतो. पण फळ्यांच्या जमिनीतून खाली जातो तो खर्जच, त्यामुळे चाळीत राहणाऱ्याचे कान एक मागतात आणि घर दुसरे मागते. यातून मला सापडलेली वाट अशी की ॲम्प टेबलावर कानाच्या उंचीला ठेवावा, स्वतः हातभर अंतरावर बसावे आणि आवाज तेवढ्यापुरताच ठेवावा. अंतर निम्मे झाले की मोकळ्या जागेत ६ डेसिबल फुकट मिळतात. खोलीत थोडे कमी मिळतात, पण मिळतात. घरासाठीचा ॲम्प टेबलावर मावणारा असावा, ही माझी पहिली अट अशी ठरली.

या तयारीनिशी मी दुकाने पालथी घातली. आमच्या घरापासून ठाकुरद्वार ओलांडून चालत धोबीतलावला जाता येते आणि तिथे १८६५ पासून वाद्ये विकणारे फुर्टाडोज आहे, त्यामुळे गिरगावकरांना या बाबतीत तक्रारीला जागा नाही. शहरात इतरत्रही हिंडले. एका मोठ्या दुकानात, जे इथे अनामच राहू दे, मी "घरी रात्री वाजवायला हवा आहे" असे दोनदा सांगूनही तिथल्या मुलाने स्वतःच गिटार घेतली, व्हॉल्यूम सहावर नेला, दोन मिनिटे वेगवान सुरावट वाजवली आणि अभिमानाने म्हणाला, "मॅडम, पॉवर बघा ना, अख्खी बिल्डिंग उठेल." अख्खी बिल्डिंग उठू नये म्हणूनच मी दारात आले होते, हे त्याला समजावण्यात अर्थ नव्हता.

त्या दिवसानंतर मी चाचणीची एक पद्धत ठरवली आणि ती कोणालाही सुचवावीशी वाटते. आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी जावे, तेव्हा दुकान रिकामे असते. आपली गिटार आणि आपलाच हेडफोन न्यावा, कारण दुकानातल्या दहापट महाग गिटारवर कोणताही ॲम्प गोडच वाजतो. सगळे नॉब शून्यावर आणून व्हॉल्यूम अगदी सावकाश वाढवावा आणि शेजारच्या माणसाशी आवाज न चढवता बोलता येईल तिथे थांबावे. आता नॉबला त्या जागेच्या आगेमागे किती वाव आहे ते पाहावे. मग त्याच आवाजात सहाही तारांचा एक भरलेला कॉर्ड (एकत्र छेडलेले सूर), मग एकेक तार, आणि शेवटी गिटारवरचा व्हॉल्यूम निम्म्यावर आणून पुन्हा तेच वाजवावे. शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात. गिटारवरचा नॉब कमी केला की अनेक गिटारांत वरचे तेज थोडे मावळते, आणि ते सावरून घेण्याइतका ट्रेबल (वरच्या सुरांची धार) ॲम्पमध्ये शिल्लक आहे की नाही, हे इथे उघड होते.

फेंडर फ्रंटमन १०जी हा दहा वॅटचा, सहा इंची स्पीकरचा ॲम्प शिकाऊ गिटारवादकांच्या घरी पुष्कळदा दिसतो आणि त्याची लोकप्रियता मला पटली. गेन (सूर किती फाटावा ते ठरवणारा नॉब), व्हॉल्यूम, ट्रेबल, बेस आणि ओव्हरड्राइव्हचे, म्हणजे सूर मुद्दाम फाडणारे, एक बटण, इतकाच कारभार आहे. हेडफोनची सोय आहे, मोबाइलवरचे गाणे जोडायला ऑक्स आहे. क्लीन, म्हणजे न फाटलेला, आवाज स्वच्छ आहे. रिव्हर्ब (खोलीतल्या घुमण्याची नक्कल) मात्र नाही, आणि हळू आवाजात रिव्हर्बची उणीव जास्त जाणवते, कारण मोठ्या आवाजाला खोलीची जी साथ आपोआप मिळते ती कुजबुजीला मिळत नाही. पलंग, कपाट आणि गाद्यांच्या वळकट्यांनी भरलेल्या दहा बाय बाराच्या खोलीत तर मुळीच नाही. ऑरेंज क्रश १२ हा बारा वॅटचा, सहा इंचीच स्पीकरचा ॲम्प त्याच्या शेजारी ठेवून ऐकला. त्यात बेस आणि ट्रेबलबरोबर मिडलचाही नॉब आहे, आणि डिस्टॉर्शनमध्ये, म्हणजे मुद्दाम फाडलेल्या सुरात, जो खरखरीत जाडपणा लागतो तो थोड्या आवाजातही येतो. रॉक वाजवणाऱ्या तरुण मुलांना मी फ्रंटमनऐवजी हाच घ्यायला सांगेन. त्याला ऑक्स नाही, म्हणजे गाण्याबरोबर वाजवायचे तर गाणे दुसऱ्या स्पीकरवर लावावे लागते. हेडफोनवर वाजवणाऱ्यांनी हे आधीच लक्षात घ्यावे. मार्शलचा एमजी १० हाही दहा वॅटचा, साडेसहा इंची स्पीकरचा. त्याच्याविषयी वेगळे सांगण्यासारखे मला काही सापडले नाही.

बॅटरीवर चालणारी लहान खोकी हा दुसरा वर्ग, आणि माझा ओढा सुरुवातीला इकडेच होता. रोलँडचा मायक्रो क्यूब जीएक्स तीन वॅटचा, पाच इंची स्पीकरचा आहे आणि त्या इवल्या डब्यात आठ प्रकारचे ॲम्प, कोरस, ट्रेमोलो, डिले (प्रतिध्वनी) असे सुराचे परिणाम, रिव्हर्ब आणि तारा सुरात लावायला चक्क ट्यूनर भरलेला आहे. सहा पेन्सिल सेलवर किंवा अडॅप्टरवर तो चालतो. बॉसचा कटाना मिनी सात वॅटचा, चार इंची स्पीकरचा, तोही सहा सेलवर चालणारा. ब्राउन (पुरता फाटलेला), क्रंच (किंचित फाटलेला) आणि क्लीन असे तीनच आवाज, तीन टोन नॉब आणि टेपच्या धाटणीचा डिले. त्याचा अडॅप्टर वेगळा घ्यावा लागतो, तेव्हा किमतींची तुलना करताना ते पैसे मिळवून करावी. क्रंचवर गेन अर्धा, डिले जेमतेम ऐकू येईल इतका, आणि आवाज बोलण्याच्या पातळीवर ठेवून मी दुकानात वीस मिनिटे बसले होते आणि उठवत नव्हते. वाजवता वाजवता सूर जरा चिरका वाटला तर मिडल आणि ट्रेबल वेगवेगळे हाताळता येतात, हा या खोक्याचा मोठा गुण. ब्लॅकस्टारचा फ्लाय ३ याहूनही लहान, तीन वॅट आणि तीन इंची स्पीकरचा. तो गच्चीवर, प्रवासात, पाहुण्यांकडे न्यायला उत्तम. पण तीन इंची स्पीकरकडून गिटारच्या सहाव्या तारेचा, ८२ हर्ट्झचा, भरीवपणा मागणे त्याच्यावर अन्याय करण्यासारखे आहे.

सेलवर चालणाऱ्या ॲम्पचा एक फायदा कोणी सांगत नाही आणि जुन्या घरांत तो फार मोलाचा असतो. आमच्या चाळीच्या वायरिंगला बऱ्याच खोल्यांत अर्थिंग नाही. माझी गिटार फेंडरच्या स्ट्रॅट धाटणीची, सिंगल कॉइल पिकअपची; पिकअप म्हणजे तारांची थरथर विजेत बदलणारे, वेटोळे गुंडाळलेले चुंबक, आणि माझ्या पिकअपला वेटोळे एकच. असे पिकअप तारांच्या सुराबरोबर आसपासच्या विजेचा गुंजारवही उचलतात. ५० हर्ट्झच्या विजेची ही घरघर, ट्यूबलाइटच्या जुन्या चोकची भुणभुण आणि पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरची तडतड, या तिन्ही गोष्टी मोठ्या आवाजात वाजवताना सुरांखाली झाकल्या जातात, पण हळू वाजवताना त्या सुरांच्या बरोबरीने ऐकू येतात. एका रात्री मी हातात गिटार घेऊन खुर्चीवर बसल्या बसल्या हळूहळू गोल फिरले. खिडकीकडे तोंड केले की घरघर मंदावत होती आणि पंख्याच्या रेग्युलेटरकडे वळले की चढत होती. रेग्युलेटर पूर्ण वेगावर ठेवला की तडतड जवळजवळ बंद होत असे, म्हणून आता मी पंखा पाचवर ठेवून आणि शाल पांघरून वाजवते. सेलवरच्या ॲम्पमध्ये विजेच्या तारेतून येणारी घरघर तरी टळते; पिकअपने हवेतून उचललेली मात्र राहतेच. हंबकर, म्हणजे घरघर मारणाऱ्या दोन वेटोळ्यांच्या, पिकअपवाल्यांनी हा परिच्छेद खुशाल सोडून द्यावा.

हेडफोनच्या जॅकविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण रात्री दहानंतर खरा ॲम्प तोच असतो. पुष्कळ ॲम्पमध्ये हेडफोन लावल्यावर येणारा आवाज स्पीकरच्या आवाजापेक्षा बराच वेगळा असतो. गिटारचा स्पीकर वरचे कर्कश सूर स्वतःच गाळून टाकतो, हेडफोन ते गाळत नाही. म्हणून डिस्टॉर्शन हेडफोनवर माशीच्या भुणभुणीसारखे लागते. ज्या ॲम्पमध्ये स्पीकरच्या पेटीची नक्कल करणारी सोय जॅकला जोडलेली असते, तिथे हा त्रास खूप कमी होतो. क्रश १२ मध्ये ती आहे, रोलँड आणि बॉस यांच्या डिजिटल खोक्यांतही हेडफोनचा आवाज विचार करून घडवलेला आहे. ब्लूटूथचे हेडफोन मात्र या कामाला अजिबात वापरू नयेत. त्यांत आवाज कानापर्यंत पोहोचायला सर्वसाधारणपणे सेकंदाचा दहावा भाग किंवा त्याहूनही अधिक उशीर होतो. गाणे ऐकताना ते कळत नाही, पण आपण तार छेडावी आणि सूर मागाहून यावा, असे झाल्यावर लय सांभाळणे अशक्य होते. माझ्या मुलीने हा प्रयोग केला आणि तिला आपलाच हात चुकतो आहे असे वाटू लागले होते.

ज्यांना स्पीकर हवाच असे नाही, त्यांच्यासाठी व्हॉक्सचा ॲम्पप्लग आहे. आगपेटीहून थोडा मोठा असा हा तुकडा थेट गिटारच्या जॅकमध्ये खोचायचा आणि त्यालाच हेडफोन लावायचा. दोन लहान पेन्सिल सेलवर तो चालतो. क्लीन, ब्लूज, मेटल असे वेगवेगळ्या स्वभावाचे ॲम्पप्लग मिळतात, त्यांतला आपल्या वाजवण्याला साजेसा एकच घ्यावा. मी क्लीन घेतला आणि जुना ॲम्प विकल्यापासून नवा घेईपर्यंतचे चार महिने केवळ त्याच्यावर काढले. बोटांचे व्यायाम, सरगम, नवे कॉर्ड यासाठी त्यात काही कमी पडले नाही. कमी पडला तो हवेतला सूर. हेडफोनमध्ये गिटार डोक्याच्या आत वाजते. सासूबाईंना एखादे जुने भावगीत वाजवून दाखवायचे तर ते डोक्याबाहेर यावे लागते.

त्या चार महिन्यांत पैसे साठवून मी अखेरीस यामाहाचा टीएचआर १०-२ घेतला. फ्रंटमनच्या तिपटीहून अधिक किंमत मोजावी लागली, तेव्हा निवडीची कारणे नीट सांगणे भाग आहे. यामाहाने २०११ साली टीएचआर १० आणला तेव्हाची कल्पनाच अशी होती की रंगमंचावरच्या ॲम्पखेरीज घरी बैठकीत वाजवायला वेगळा ॲम्प हवा. नंतरच्या आवृत्तीत हा विचार अधिक पक्का झाला आहे. आठ सेंटीमीटरचे दोन स्पीकर स्टिरिओत बसवलेले आहेत, आणि गिटारचा आवाज व बाहेरून येणाऱ्या गाण्याचा आवाज यांना दोन स्वतंत्र नॉब आहेत. गेन आणि मास्टरने सुराचा पोत एकदा ठरवायचा आणि तो पोत न बदलता शेवटचा आवाज गिटारच्या नॉबने हवा तितका खाली आणायचा, ही सोय माझ्या दृष्टीने या ॲम्पचे सार आहे. जुन्या ॲम्पवर जो खेळ एक आणि दीडमध्ये उरकावा लागे, तो इथे नॉबच्या चांगल्या रुंद फेऱ्यात होतो.

पहिल्या रात्री मी क्रंच लावून आवाज इतका खाली आणला की गिटारच्या तारांचा स्वतःचा, विजेविना येणारा आवाज आणि ॲम्पचा आवाज जवळजवळ सारखा झाला. तरीही सूर भरलेला होता. खर्ज फुगलेला नव्हता आणि नाहीसाही झाला नव्हता. रिव्हर्बमुळे खोलीला जी लांबी-रुंदी नाही ती आल्यासारखी वाटली. जाळीमागे व्हॉल्व्हसारखा पिवळसर उजेड लागतो, त्याचा सुराशी काडीचा संबंध नाही. पण रात्रीचा दिवा मालवून वाजवताना तो उजेड मला आवडतो, हेही कबूल करते. दुसऱ्या दिवशी आजींना विचारले तर त्या म्हणाल्या, "काल वाजवलं नाहीस का गं?"

त्याच्या मर्यादाही आहेत. वरच्या नॉबवर आठ जागा आहेत: गिटारच्या पाच, बेस गिटारची एक, अकूस्टिकची एक आणि साधी एक. बाकीच्या तऱ्हा मिळवायला फोनवर किंवा संगणकावर त्याचे ॲप घ्यावे लागते; ज्यांना दिवसभर पडद्याकडे पाहून रात्री पुन्हा पडदा नको असतो त्यांना हे रुचणार नाही. मी त्या आठांवरच राहिले आहे. चार्ज होणारी बॅटरी त्याच्या वायरलेस आवृत्तीत मिळते, साध्या आवृत्तीला अडॅप्टर लावूनच ठेवावा लागतो. आमच्या घरात एकाच बोर्डावर टीव्ही, राउटर आणि मिक्सर असल्याने ही अडचण खरी आहे. ड्रम वाजवणाऱ्या मित्राबरोबर याच्यावर वाजवू पाहू नये, तो त्यासाठी घडवलेलाच नाही.

इतका खर्च प्रत्येकाने करावा असे मी मुळीच म्हणणार नाही. सहा महिन्यांपूर्वी गिटार हातात घेतलेल्या मुलाला किंवा मुलीला ॲम्पप्लग आणि बरा तारवाला हेडफोन पुरे आहे. उरलेले पैसे शिकवणीला आणि गिटारचे सेटिंग करून घ्यायला लावावेत. घरात एक खोली स्वतःची असेल आणि शेजार सोसणारा असेल तर कटाना मिनी. त्याला सेलऐवजी अडॅप्टर पहिल्याच दिवशी घ्यावा, आणि सेल वापरलेच तर बरेच दिवस वाजवणार नसताना ते काढून ठेवावेत, कारण आत विसरलेले सेल पाझरून पट्ट्या खातात. एकाच खोक्यात सगळे हवे, ट्यूनरही हवा आणि पैसे मात्र टीएचआरइतके घालायचे नाहीत, अशांनी मायक्रो क्यूब पाहावा.

जुना ॲम्प घेणाऱ्यांनी मुंबईची हवा ध्यानात धरावी. दोन पावसाळे काढलेल्या ॲम्पचे नॉब फिरवताना बऱ्याचदा खरखरतात. तेवढ्याने घाबरू नये, कॉन्टॅक्ट क्लीनर मारून ते बहुधा सुधारतात. हेडफोनची पिन घालून काढावी आणि स्पीकर पुन्हा नीट सुरू होतो का ते दोन-तीनदा पाहावे. पिन घातल्यावर स्पीकर तोडणारी आतली पट्टी गंजली की ॲम्प मधूनच मुका होतो, आणि विकणारा ही गोष्ट आपण होऊन सांगत नाही. घरी आणल्यावर तो बाहेरच्या, ओल येणाऱ्या भिंतीला चिकटवून ठेवू नये. बुटांच्या खोक्यांत येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या मी गिटारच्या पिशवीत आणि ॲम्पच्या मागे ठेवते. अमेरिकेहून येणाऱ्या भाच्याकडून ॲम्प मागवायचा मोह झाला तर आधी त्याचा प्लग आणि अडॅप्टर कसा आहे ते विचारावे. अडॅप्टरवर १०० ते २४० व्होल्ट छापलेले असेल तर प्रश्न नाही, पण थेट वायरचा १२० व्होल्टचा ॲम्प आपल्या २३० व्होल्टवर लावला तर तो पहिल्याच दिवशी जळतो, आणि स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्यावा तर वाचलेले पैसे तिथे जातात.

एक गोष्ट कोणत्याही ॲम्पने सुटली नाही. मागच्या महिन्यात मी हेडफोन लावून, घर पूर्ण शांत आहे अशा समजुतीने, रात्री साडेदहाला वाजवत होते आणि सासूबाई उठून दारात आल्या. "काय गं, पाल चुकचुकतेय का कुठे? केव्हापासून टकटक ऐकू येतेय." ते माझे प्लेक्ट्रम, म्हणजे तारा छेडायची चकती, होते. विजेची गिटार ॲम्पविना वाजली तरी तारांवर प्लेक्ट्रम आपटल्याचा आवाज निजलेल्या घरात चांगलाच ऐकू जातो, आणि माझे प्लेक्ट्रम पातळ, लवणारे असल्याने तो अधिकच होत होता. दुसऱ्या दिवशी धोबीतलावहून दीड मिलिमीटर जाडीची, कडा गोल असलेली तीन प्लेक्ट्रम आणली. टकटक बरीच कमी झाली आहे. अकरानंतर वाजवायचे झालेच तर प्लेक्ट्रम खाली ठेवून अंगठ्याने वाजवते.